बेस शिवायचा की माणूस? कोल्हापूरच्या मैदानावर बेसबॉल शिकताना

नवीन मूल मैदानावर आलं की पहिल्या फटक्यानंतर काय होणार, हे मला आता पाठ झालंय. चेंडू बॅटवर बसतो, जमिनीला घासत जातो आणि मूल बॅट हातात धरून जागच्या जागी उभं राहतं. समोरून कुणीतरी ‘येस’ म्हणेल म्हणून वाट बघतं. तोवर चेंडू पहिल्या बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या पहिल्या ठिकाणी, पोचलेला असतो आणि ते आउट झालेलं असतं. "सर, पण मी रन काढायलाच निघालो नव्हतो की!" हे त्याचं म्हणणं क्रिकेटमध्ये अगदी बरोबर आहे. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू हद्दीत मारला की पळायचं की थांबायचं, हे बॅटरच्या हातात राहत नाही. बॅट खाली ठेवायची आणि पळायचं.

कोल्हापुरात बेसबॉल शिकवताना खरी अडचण ही असते. मुलांना नियम अवघड जात नाहीत, अंगात मुरलेलं क्रिकेट आड येतं. नियमपुस्तक उघडलं तर ते मापं आणि व्याख्यांनी सुरू होतं आणि दहाव्या पानापर्यंत डोकं गरगरायला लागतं. म्हणून मी क्रम उलटा करतो. आधी बेसवरचं पळणं, मग आउट कसं होतं ते, आणि बॅट सगळ्यात शेवटी. शाळेच्या पोरांना शिकवायचं असो, तालमीतल्या चार मित्रांना जमवायचं असो किंवा मुलाबरोबर आईबाबांना शिकायचं असो, याच क्रमानं गेलात तर तीन रविवारांत खेळ उभा राहतो.

पहिली पायरी: मैदान आखणं

बेसबॉलचं मैदान म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, त्याला डायमंड म्हणतात. खालच्या टोकाला होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, उजवीकडे पहिला बेस, समोर दुसरा, डावीकडे तिसरा. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर पुरतं. अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये लहान मुलांसाठी हेच माप असतं.

आखायला लागतात दोन दोऱ्या, एक मोजपट्टी, पाच खुंट्या आणि फक्की. होम प्लेटच्या जागी एक खुंटी ठोका. तिथून सरळ समोर २५.८६ मीटर मोजा, तो दुसरा बेस. आता १८.२९ मीटरच्या दोन दोऱ्या घ्या. एकीचं टोक होमच्या खुंटीला, दुसरीचं दुसऱ्या बेसच्या खुंटीला बांधा आणि दोन्हींची मोकळी टोकं उजवीकडे ताणत आणा. ती जिथं भेटतात तो पहिला बेस. तशीच डावीकडे आणली की तिसरा. होमपासून दुसऱ्या बेसच्या दिशेनं १४.०२ मीटरवर पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी. मोठ्यांचं मैदान असेल तर होम ते दुसरा बेस ३८.८ मीटर आणि पिचरची पट्टी १८.४४ मीटरवर येते. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची असते, म्हणजे हे अंतर तिच्यापेक्षा थोडं कमीच. आखून झालं की खुंट्या लगेच उपटा आणि मोजून पिशवीत टाका. पळणाऱ्या पोरांच्या मैदानात खुंटी राहता कामा नये.

बेस म्हणून गाडीतली जुनी रबरी मॅट कापून वापरा. वीट किंवा दगड नको, घोटा मुरगळतो. चपलाही नकोत, त्या पायाखालून सरकतात. होम प्लेट पाच कोनांची असते आणि पिचरकडची तिची बाजू १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. पांढऱ्या रंगानं मॅटवर रंगवली तरी चालते.

दिशेचंही बघा. होमवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, असं नियमपुस्तकात सुचवलंय. दुपारनंतरच्या सामन्यात मावळतीचं ऊन बॅटरच्या पाठीशी राहतं. पण आपण सकाळी सातला खेळणार असू, तर याच आखणीत कोवळं ऊन थेट बॅटरच्या डोळ्यांत जाईल. म्हणून सकाळच्या खेळाला मी होम प्लेट पूर्वेच्या टोकाला ठेवतो.

आणि हंगाम: जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात नव्यानं सुरुवात करू नका. चिखलात पळायला आपली पोरं डरत नाहीत, पण बेसवर वळताना पाय घसरतो. दिवाळीनंतर मैदानं वाळलेली असतात, तेव्हा सुरू करा.

दुसरी पायरी: पहिला रविवार फुटबॉलचा

हो, फुटबॉलचा. संघ पाटाकडील असो, दिलबहार असो की प्रॅक्टिस क्लब, कोल्हापूरच्या पेठांतल्या पोरांना चेंडूला लाथ मारायला शिकवावं लागत नाही. त्याचाच फायदा घ्या. पिचरनं फुटबॉल जमिनीवरून होमकडे घरंगळत सोडायचा, बॅटरनं त्याला लाथ मारायची आणि पहिल्या बेसकडे पळत सुटायचं. बाकी सगळे नियम बेसबॉलचे. अमेरिकेतल्या शाळांत हा खेळ किकबॉल म्हणून खेळतातच. बॅट नाही, कडक चेंडू नाही, लागायची भीती नाही. सगळं लक्ष पळण्यावर आणि आउटवर राहतं.

या दिवशी चार गोष्टी पक्क्या करून घ्यायच्या.

पळण्याचा रस्ता पहिला, दुसरा, तिसरा आणि परत होम असाच, घड्याळाच्या उलट्या दिशेनं. प्रत्येक बेसला पाय लागलाच पाहिजे. चारही शिवून होमला आलं की एक धाव. एकाच फटक्यात सगळं पळायची गरज नाही. वाटेत कुठल्याही बेसवर थांबता येतं आणि पुढच्या बॅटरच्या फटक्यावर पुढं जाता येतं. बेसवर पाय आहे तोवर, मागून कुणी ढकलत आलेलं नसेल तर, तुम्ही सुरक्षित.

पहिल्या बेसवर थांबावं लागत नाही, तो शिवून सरळ रेषेत पुढं पळत गेलं तरी चालतं. म्हणून तिथं वेग कमी करू नका, बेसच्या पलीकडे दोन पावलांवर रेषा आहे असं समजून पळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसला ही सवलत नाही. तिथं ओलांडून गेलात आणि अंगाला चेंडू लावला, की आउट.

तीन आउट झाले की बाजू बदलते. दोन्ही संघांची एकेकदा बॅटिंग झाली की एक इनिंग. पूर्ण सामना ९ इनिंगचा, म्हणजे प्रत्येक संघाला २७ आउट मिळतात. मुलांसाठी चार इनिंग भरपूर. बरोबरी सहसा नसते, नऊ इनिंगनंतर धावा सारख्या असतील तर पुढं खेळत राहायचं. पाहुणा संघ आधी बॅटिंग करतो आणि शेवटच्या इनिंगमध्ये यजमान आधीच पुढं असतील तर त्यांची बॅटिंग होतच नाही.

चौथी गोष्ट बॅटिंगच्या क्रमाची, आणि ती मला सगळ्यात प्रिय आहे. नऊ जणांचा क्रम सामन्याआधी लिहून द्यायचा आणि तो बदलत नाही. नवी इनिंग सुरू झाली की पुन्हा पहिल्या नंबरपासून नाही, मागच्या वेळी जिथं थांबलो त्याच्या पुढच्यापासून. गल्ली क्रिकेटमध्ये ज्या धाकट्या पोराला नुसतं गटारातला चेंडू आणायला ठेवतात, बॅटिंग आली की अंधार पडलेला असतो, त्याला इथं पाळी मिळतेच. त्याची पाळी गाळायची सोयच नियमात नाही. पहिल्या दिवशी मागं मागं उभं राहणाऱ्या मुलांचे चेहरे हा नियम सांगितल्यावर बघा.

तिसरी पायरी: बेस शिवायचा की माणूस?

ही पायरी घाईनं उरकू नका. बेसबॉल समजला न समजला याची परीक्षा इथंच होते, आणि टीव्हीवर सामना बघणारे मोठेही इथंच अडखळतात.

आधी एक जुनी सवय मोडावी लागेल. आपण सगळे लगोरी खेळून मोठे झालोय. लगोरीत पळणाऱ्याच्या पाठीत चेंडू बसला की तो बाद. बेसबॉलमध्ये रनरला चेंडू फेकून मारायचा नाही, त्यानं कुणी आउट होत नाही आणि कडक चेंडूनं जबर इजा होते. फार पूर्वी तिकडंही फेकून मारायची रीत होती. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं १८४५ साली जे नियम लिहून काढले, त्यात ती बंद झाली. आज चालते ती शिवाशिवी. चेंडू हातात किंवा ग्लोव्हमध्ये घट्ट धरून, त्याच हातानं रनरला शिवायचं. चेंडू उजव्या हातात आणि शिवलं डाव्या हातातल्या रिकाम्या ग्लोव्हनं, तर आउट नाही. हे मुलं पहिल्या महिन्यात हमखास चुकतात.

याला टॅग आउट म्हणतात. पण प्रत्येक वेळी माणसाला शिवावं लागत नाही. काही वेळा चेंडू हातात घेऊन नुसता बेसवर पाय ठेवला तरी रनर आउट होतो. हा फोर्स आउट. कधी टॅग लागतो आणि कधी बेस पुरतो, हे ओळखायला मी मुलांना चाळीतल्या खोल्यांचं उदाहरण देतो. एका खोलीत एकच बिऱ्हाड. मागून नवीन बिऱ्हाड येत असेल, तर आधीच्याला खोली सोडून पुढच्या खोलीत जावंच लागतं. ज्याला असं ‘जावंच लागतं’, त्याच्यासाठी पुढच्या बेसवर पाय ठेवला की काम झालं. ज्याच्यावर मागून दाब नाही, जो आपल्या मनानं पळतोय, त्याला मात्र अंगाला चेंडू लावूनच बाद करावं लागतं.

आता मैदानावर मुलांना उभं करून हे एकेक करून दाखवा.

बेस सगळे रिकामे, बॅटरनं जमिनीवरून मारलं. बॅटरला पहिल्या बेसवर जावंच लागतं, घर सोडूनच तो निघालाय. म्हणून पहिल्या बेसवाल्यानं चेंडू झेलून बेसवर पाय ठेवला, तेही बॅटर पोचायच्या आत, की आउट. इथं टॅग लागत नाही.

पहिल्या बेसवर रनर, फटका जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे. बॅटर पहिल्याकडे येतोय, म्हणून पहिल्यावरच्याला दुसऱ्यावर जाणं भाग आहे. शॉर्टस्टॉप दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकतो, तो बेसवर पाय ठेवून झेलतो: एक आउट. तोच चेंडू लगेच पहिल्या बेसवर: दुसरा आउट. हा डबल प्ले. चपळ हातांचा असा डबल प्ले जमला की मैदानाबाहेर सायकल लावून बघत उभे असलेलेही टाळ्या वाजवतात.

रनर फक्त दुसऱ्या बेसवर, पहिला रिकामा. बॅटर पहिल्यावर येईल, ती खोली रिकामीच आहे. दुसऱ्यावरच्याला हलायची सक्ती नाही. तो तिसऱ्याकडे पळालाच, तर तिसऱ्या बेसवाल्यानं नुसता पाय ठेवून चालणार नाही, त्याला शिवावं लागेल.

तिन्ही बेस भरलेले. आता सगळ्यांवरच दाब आहे, तिसऱ्यावरच्याला होमला यावंच लागतं. म्हणून कॅचरनं, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणाऱ्यानं, चेंडू धरून होम प्लेटवर पाय ठेवला की तो आउट.

आणि एक बारीक गाठ. पहिल्यावर रनर असताना पहिल्या बेसवाल्यानं आधी बॅटरलाच आउट केलं, तर? मागून येणारं बिऱ्हाडच आलं नाही, मग खोली सोडायची सक्तीही संपली. आता दुसऱ्याकडे पळणाऱ्या रनरला शिवावंच लागेल. ही गोष्ट एखाद्या मुलानं स्वतःहून ओळखली, तर समजा त्याला बेसबॉल कळला.

याच दाबाचा धावांशीही संबंध आहे. तिसरा आउट फोर्सनं झाला, किंवा बॅटर पहिल्या बेसवर पोचायच्या आत आउट झाला, तर त्या खेळीत होमला पोचलेली धाव धरत नाहीत, ती आउटच्या आधी पोचली असली तरी. मुलं यावर भांडतात, म्हणून सामन्याआधीच सांगून ठेवा.

टॅग चुकवायला रनरनं मैदानभर पळायचं नाही. टॅग करायला येणाऱ्याला चुकवताना आपल्या वाटेपासून तीन फुटांपेक्षा जास्त बाजूला गेला, तर आउट. खाली घसरत बेस गाठणं, म्हणजे स्लाइड, मात्र चालतं, आणि कबड्डी-कुस्ती खेळलेली पोरं ते पटकन उचलतात. शिकवताना गवतावर, पूर्ण पँट घालून.

चौथी पायरी: झेल आणि परत जाणं

हवेतला चेंडू टप्पा पडायच्या आत झेलला की बॅटर आउट, हे क्रिकेटसारखंच. गल्लीतला ‘वन टप्पा आउट’ इथं नाही. रेषेबाहेर गेलेला उंच चेंडू झेलला तरी आउट, हे लक्षात ठेवा.

फरक रनरच्या बाबतीत. झेल झाला की प्रत्येक रनरनं आपला बेस पुन्हा शिवायचा. आधीच पुढं पळून गेला असेल तर परत यायचं, आणि तो यायच्या आत चेंडू त्याच्या बेसवर पोचला तर तोही आउट. पण झेलणाऱ्याला चेंडू लागेपर्यंत बेसवर पाय टेकवून थांबला आणि मग निघाला, तर तो खुशाल पुढं जाऊ शकतो. म्हणूनच दोनपेक्षा कमी आउट असताना, तिसऱ्या बेसवर रनर असला की बॅटर मुद्दाम लांब, उंच मारतो. स्वतः झेल देऊन बाद होतो, पण तिसऱ्यावरचा धाव घेऊन येतो. क्रिकेटच्या नजरेला हे बावळटपणाचं वाटतं. इथं त्या बॅटरच्या पाठीवर थाप पडते.

पाचवी पायरी: स्ट्राइक आणि बॉल

आता दुसऱ्या रविवारी बॅट हातात घ्या. इथं शब्दांचा घोटाळा होतो म्हणून मी वस्तूला ‘चेंडू’ आणि पंचाच्या निर्णयाला ‘बॉल’ म्हणतो.

पिचर चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो, कोपर वाकलं तरी हरकत नाही. होम प्लेटच्या रुंदीइतकी आणि बॅटरच्या गुडघ्याच्या वाटीखालपासून खांदा व कंबर यांच्या मध्यापर्यंत उंच, अशी एक न दिसणारी खिडकी हवेत आहे असं समजा. तिला स्ट्राइक झोन म्हणतात. चेंडू खिडकीतून गेला आणि बॅटर नुसता बघत राहिला, तर स्ट्राइक. खिडकीबाहेरून गेला आणि त्यानं बॅट फिरवली नाही, तर बॉल. बॅट फिरवून हुकला, तर चेंडू कुठूनही गेलेला असो, स्ट्राइकच.

तीन स्ट्राइकला आउट. चार बॉलला पहिला बेस फुकट, त्याला वॉक म्हणतात. फेकलेला चेंडू टाळायचा प्रयत्न करूनही अंगाला लागला तरी पहिला बेस मिळतो. मोजताना आधी बॉल, मग स्ट्राइक म्हणायचं: ‘तीन-दोन’ म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणि पुढच्या चेंडूवर सगळ्यांचा श्वास अडकलेला.

ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यायची शिस्त ज्याला आहे, त्याला ही खिडकी लवकर कळते. आपल्या पोरांचं दुखणं वेगळं: आलेल्या प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवायची. त्यांना दहा चेंडू नुसते बघायला लावा आणि प्रत्येकाला मोठ्यानं ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’ म्हणायला सांगा. कॅचरच्या मागं जाळी लावून तुम्ही स्वतः उभे राहा आणि बरोबर की चूक ते सांगा. या अर्ध्या तासानं जो फरक पडतो, तो शंभर फटके मारूनही पडत नाही.

सहावी पायरी: फेअर आणि फाउल

होमवरून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या दोन रेषा मैदानाच्या टोकापर्यंत वाढवा. त्यांच्या आत फेअर, बाहेर फाउल. रेषा स्वतः फेअर. म्हणजे क्रिकेटमधला लेट कट, लेग ग्लान्स, मागं उचललेला स्कूप, सगळे इथं वाया. फाउल झाला की दोन स्ट्राइक होईपर्यंत तो स्ट्राइक धरतात. दोन स्ट्राइक असताना मारलेला फाउल मोजत नाहीत, बॅटर पुन्हा उभा राहतो. बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच अडवून जवळ टाकणं, हा अपवाद. दोन स्ट्राइकवर बंट फाउल गेला तर आउट.

घरंगळणारा चेंडू बेसच्या अलीकडे असेल, तर तो जिथं थांबला किंवा कुणी धरला तिथं बघा. बेसच्या वरून किंवा आतून पुढं निघून गेला की मग नंतर बाहेर वळला तरी फेअर. कुंपणावरून थेट पलीकडे गेला तर होम रन: बॅटर आणि बेसवरचे सगळे घरी. तिन्ही बेस भरलेले असतील तर एका फटक्यात चार धावा. टप्पा पडून कुंपणाबाहेर गेला, तर मात्र सगळ्यांना दोन बेस.

फिल्डिंगच्या नऊ जागा

पिचर, कॅचर, तीन बेसवाले, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये शॉर्टस्टॉप आणि लांब तीन आउटफिल्डर. त्यांना नंबर असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. मघाचा डबल प्ले वहीत ६-४-३ असा लिहितात. सगळ्यात चपळ मूल शॉर्टस्टॉपला, सगळ्यात उंच आणि खात्रीनं झेलणारं पहिल्या बेसला, आणि न घाबरणारं, सतत बोलत राहणारं मूल कॅचरला ठेवा. चांगला विकेटकीपर बहुतेक वेळा चांगला कॅचर होतो.

नंतर शिकायचे नियम

चोरी, म्हणजे स्टीलिंग: पिचर चेंडू टाकत असताना रनर पुढच्या बेसवर पळू शकतो. लहान मुलांत पहिले काही महिने हे बंद ठेवा, नाहीतर कॅचरला रडू येतं.

तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोन आउट झालेले असले, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. 

इनफिल्ड फ्लाय हा नियम ऐकून लोक गोंधळतात, पण तो न्यायाचा आहे. पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर आहेत (किंवा तिन्ही भरलेत), दोनपेक्षा कमी आउट आहेत आणि हद्दीतल्या हद्दीत, बेसजवळच्या फिल्डरला सोपा असा उंच झेल उडाला. रनर झेलाच्या भीतीनं बेसवर थांबलेत. अशा वेळी फिल्डरनं झेल मुद्दाम सोडला तर फोर्स लागू होऊन दोघं बाद होतील. ही लबाडी होऊ नये म्हणून पंच चेंडू हवेत असतानाच बॅटरला आउट देतो. बाकीच्यांवरचा दाब जातो.

पंचाचा उजवा हात वर मूठ वळून गेला की आउट, दोन्ही हात आडवे पसरले की सेफ.

सामान आणि काळजी

पहिले काही रविवार टेनिसचा चेंडू. खरा बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका पण घेरानं थोडा मोठा आणि तितकाच कडक. तो आणलात की बॅटरला आणि रनरला हेल्मेट, कॅचरला मास्क, छातीचं कवच, पायांचे गार्ड आणि ॲबडॉमिनल गार्ड हवंच. यात काटकसर करू नका. पैसे कमी असतील तर टेनिसच्या चेंडूवर वर्षभर खेळा.

ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात घालायचा. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं डाव्यात. कमरेच्या वरचा चेंडू असेल तर ग्लोव्हची बोटं आभाळाकडे, खालचा असेल तर जमिनीकडे.

बॅट, जिला आपल्याकडचे सॉफ्टबॉलवाले स्लगर म्हणतात, मारल्यावर भिरकवायची नाही. खाली ठेवल्यासारखी टाकायची. माझ्याकडे हा नियम कडक आहे: बॅट भिरकावली की फटका कितीही छान असो, आउट. नियमपुस्तकात असं नाही, पण कॅचरच्या तोंडापेक्षा मोठा नियम नाही.

मुली येत असतील, आणि त्यांना जरूर बोलवा, तर सॉफ्टबॉलची माहितीही घ्या. डायमंड, फोर्स, टॅग, स्ट्राइक सगळं हेच. चेंडू मोठा, १२ इंच घेराचा, फेकायचा खालून, इनिंग ७, बेस ६० फुटांवर, आणि चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत रनरनं बेस सोडायचा नाही. शालेय स्पर्धांत दोन्ही खेळ आहेत. शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारलंत तर पुढची वाट कळेल. क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये एकाच वेळी परतताहेत, हे मुलांना सांगा. आणि भालाफेक सोडून बेसबॉलकडे वळलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांना २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्स संघानं करारबद्ध केलं होतं, हेही.

पावसाळ्यात मैदान बंद असेल तेव्हा सामने बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला येतो. पहाटे तालमीत जाणाऱ्या कोल्हापूरकराला ती वेळ जड नाही. जपानमधला संध्याकाळी सहाचा सामना आपल्या दुपारी अडीचला. बघताना आवाज बंद करा आणि प्रत्येक फटक्याआधी स्वतःला विचारा: कोणत्या बेसवर रनर आहे, आउट किती झालेत, आणि चेंडू माझ्याकडे आला तर बेस शिवायचा की माणूस? १५ एप्रिलचा सामना लागला आणि सगळ्या खेळाडूंच्या पाठीवर ४२ हाच आकडा दिसला तर गोंधळू नका. १९४७ साली त्याच दिवशी जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला आणि कृष्णवर्णीयांना तिथं घातलेली बंदी मोडली. त्याचा तो नंबर.

तिसऱ्या रविवारी सामना

आता सामना घ्या. नऊ-नऊ जमले नाहीत तर सात-सात, आउटफिल्डमध्ये एकच. इनिंग चार. पिचिंग नीट होत नसेल तर प्रशिक्षकानं दोन्ही संघांना हळू चेंडू टाकावा, नाहीतर सगळा वेळ वॉक देण्यात जातो. एका इनिंगमध्ये पाच धावा झाल्या की बाजू बदलायची, म्हणजे कुणी दमून बसत नाही. खेळत नसलेल्या मुलाच्या हातात वही द्या. तो प्रत्येक बॅटरपुढं काय झालं ते लिहील, आणि दुसऱ्या दिवशी नियम त्यालाच सगळ्यात जास्त आठवतील.

नऊ वाजता फुटबॉलवाले मैदानावर येतील आणि खेळ अर्धवट थांबवावा लागेल. बेसच्या मॅट गोळा करायच्या आधी वहीत पुढचा बॅटर कोण होता ते लिहून ठेवा. पुढच्या रविवारी त्याच्यापासून सुरुवात करा.